पडद्यावरच्या डॉक्टरांची कोपरं का वाकतात?

दवाखान्याची कुठलीही मालिका घ्या, तो प्रसंग कधी ना कधी येतोच. स्ट्रेचर धावत आत येतं, कुणीतरी सिस्टरला हाक मारतं, यंत्राची टिकटिक थांबून एकसुरी लांब आवाज सुरू होतो आणि देखणा डॉक्टर पेशंटच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागतो. पुढच्या वेळी हा प्रसंग लागला की डॉक्टरच्या चेहऱ्याकडे पाहू नका, कोपरांकडे पाहा. ती वाकतात. दर दाबाला वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि खाली झोपलेल्या माणसाची छाती जागची हलत नाही.

खऱ्या दवाखान्यात छाती दाबणाऱ्याचे हात ताठ असतात. खांदे बरोबर तळहातांच्या वर, जोर कमरेतून, आणि छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग दर दाबाला ५ ते ६ सेंटिमीटर आत जातो. मिनिटाला १०० ते १२० वेळा. ५ सेंटिमीटर म्हणजे किती ते पाहायचं असेल तर स्वतःची तीन बोटं जोडून धरा. साधारण तेवढी रुंदी. मोठ्या माणसाची छाती इतकी खोल दाबायची तर धट्टाकट्टा गडीही दोन मिनिटांत घामाघूम होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियमच आहे. पुष्कळदा बरगड्या मोडतात. मोडल्याचं हाताखाली कळतं, आणि तरी थांबायचं नसतं.

मग पडद्यावर कोपरं का वाकतात? कारण समजलं तेव्हा मी थक्क झालो, इतकं ते साधं आहे. खाली झोपलेला नट जिवंत असतो. त्याचं हृदय उत्तम चाललेलं असतं. अशा माणसाची छाती खरोखर तेवढी दाबली तर बरगडी जाईल, आत इजा होईल. त्यामुळे वरचा नट हात नुसते टेकवतो आणि सगळी हालचाल स्वतःच्या कोपरांत जिरवतो. छाती खोल जाताना दाखवायचीच असेल तर रबरी धड आणतात आणि नुसत्या हातांचा जवळून शॉट घेतात. म्हणजे एका नटाने दुसऱ्या नटाला दुखू नये म्हणून घेतलेली काळजी आपण घरी बसून पाहतो, आणि उपचार म्हणून मनात साठवतो.

छाती दाबल्याने आत काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. पिंजरा दाबला की हृदयातलं रक्त बाहेर ढकललं जातं, सोडला की छाती फुगते आणि शिरांमधलं रक्त पुन्हा आत ओढलं जातं. हृदयाच्या झडपा एकाच दिशेला उघडतात, त्यामुळे रक्त उलटं जात नाही. गावातल्या हापशासारखंच हे. दांडा पुरता खाली नेला नाही तर पाणी येत नाही, आणि पुरता वर येऊ दिला नाही तरीही येत नाही. म्हणून नुसतं दाबणं पुरत नाही, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. इतकं सगळं नीट केलं तरी एरवीच्या रक्तप्रवाहाचा पाव ते एक-तृतीयांश हिस्साच फिरतो. पण प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूच्या पेशी चार-पाच मिनिटांत मरायला लागतात, आणि तो पाव हिस्सा ती वेळ पुढे ढकलतो. औषध नाही, यंत्र नाही, दोन हात.

माणसाच्या छातीत हृदय पहिल्यापासून आहे आणि हातही पहिल्यापासून दोनच आहेत, तरी हे तंत्र आजच्या रूपात सापडायला १९६० साल उजाडावं लागलं. आणि त्याची सुरुवात करून देणारा माणूस डॉक्टर नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत अभियंते होते. विजेच्या तारांवर काम करणारी माणसं, ज्यांना आपण वायरमन म्हणतो, धक्का लागून मरत होती. त्यांचं हृदय पुन्हा चालू कसं करावं यावर वीज कंपन्यांच्या पैशातून संशोधन चाललं होतं. १९५८ साली गाय निकरबॉकर हा त्यांचा विद्यार्थी कुत्र्यावर प्रयोग करत होता. झटका देणाऱ्या यंत्राच्या जड पट्ट्या त्याने छातीवर दाबून धरल्या आणि त्याचं लक्ष रक्तदाबाच्या रेषेकडे गेलं. वीज अजून सोडलेलीच नव्हती, तरी रेषा किंचित वर उचलली होती. दुसऱ्या एखाद्याने ती यंत्राची खोडी म्हणून सोडून दिली असती. निकरबॉकरने पुन्हा दाबून पाहिलं. जेम्स ज्यूड हे सर्जन त्यांना येऊन मिळाले, आणि दोन वर्षांनी तिघांनी मिळून जगाला सांगितलं की छाती न उघडता, बाहेरून, हातांनी रक्त फिरवता येतं.

आता तारखा शेजारी-शेजारी मांडा. अमेरिकेत 'मेडिक' ही डॉक्टरांची मालिका १९५४ साली सुरू झाली होती, ब्रिटनमध्ये 'इमर्जन्सी वॉर्ड १०' १९५७ साली. म्हणजे टीव्हीवरचा दवाखाना या उपचारापेक्षा वयाने मोठा आहे! त्या मालिकांच्या सुरुवातीच्या भागांतल्या डॉक्टरांनी छाती दाबलीच नसणार, कारण तसं करतात हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. आज ज्याच्याशिवाय दवाखान्याचा एपिसोड पुरा होत नाही तो प्रसंग मागाहून आला.

आता तो एकसुरी आवाज आणि ती आडवी रेषा. रेषा सपाट झाली की डॉक्टर दोन पट्ट्या एकमेकींवर घासतो, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतो, पेशंटचं शरीर उसळतं आणि रेषा पुन्हा नाचायला लागते. हे जवळजवळ सगळ्या मालिकांत पाहायला मिळतं, आणि ते चूक आहे. सपाट रेषेला झटका देत नाहीत. झटका लागतो तो हृदयाच्या स्नायूचे धागे बेताल थरथरत असतात तेव्हा. प्रत्येक धागा आपापल्या मनाने आकसतो, त्यामुळे सगळं हृदय मिळून एकही ठोका पडत नाही. विजेचा झटका त्या सगळ्या धाग्यांना एकाच क्षणी थांबवतो. हो, थांबवतो. मग हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असलेली पेशींची छोटीशी गाठ, जी जन्माच्या आधीपासून ठोक्याचा ताल धरत आलेली असते, तिला पुन्हा सूर लावायची संधी मिळते. सपाट रेषेत थरथरही उरलेली नसते, थांबवायचं काय? तिथे छाती दाबत राहणं आणि ॲड्रेनॅलिन, एवढंच हातात असतं. पण थरथरीची रेषा कागदावर नुसती गिचमीड दिसते. घरी बसलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. सपाट रेषा मात्र लहान पोरालाही कळते. दिग्दर्शकाने कळण्याला महत्त्व दिलं आणि वैद्यकाला मागे ठेवलं.

ती रेषा मुळात उमटते हीच केवढी मोठी गोष्ट आहे! हृदयाच्या दर ठोक्याला त्वचेवर पोचणारी वीज एक सहस्रांश व्होल्टच्या आसपास असते. ती टिपायला विलेम आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्र बनवलं ते जवळपास २७० किलो वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. पेशंटचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागायचे. यंत्र दवाखान्यात नेणं शक्यच नव्हतं, म्हणून लायडन शहरात दीडेक किलोमीटर अंतरावरच्या दवाखान्यातून टेलिफोनच्या तारेवरून पेशंटचे ठोके प्रयोगशाळेत आणले जायचे. आइंटहोवेनना १९२४ साली नोबेल मिळालं. आज तालुक्याच्या डॉक्टरकडे तेच काम करणारी पेटी टेबलाच्या कोपऱ्यात मावते.

या चुकांची मोजदादही झाली आहे. १९९६ साली तीन अमेरिकी डॉक्टरांनी 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या मालिकांचे ९७ भाग बसून पाहिले आणि छाती दाबण्याचे ६० प्रसंग टिपले. पडद्यावर शंभरातले ७५ पेशंट तिथल्या तिथे वाचले होते. प्रत्यक्षात दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी चांगली व्यवस्था असलेल्या देशांतही शंभरात दहाच्या आसपास माणसं घरी परततात. शिवाय पडद्यावर हृदय बंद पडतं ते बहुतेक तरण्याताठ्यांचं, अपघातात नाहीतर गोळी लागून. खऱ्या आयुष्यात ते जास्त करून वयस्कर, आधीपासून हृदय दुखावलेल्या माणसांचं बंद पडतं. नातेवाइकांच्या मनात मात्र ७५ चा आकडा बसलेला असतो. वॉर्डाबाहेर उभं राहून 'डॉक्टर काहीच करेनात' म्हणणाऱ्या माणसाचा राग मला म्हणूनच समजतो. त्याने शंभर वेळा पाहिलंय की असं केलं की माणूस उठून बसतो.

शिरड शहापूरसारख्या गावात याला आणखी धार येते. औंढा नागनाथ ते वसमत रस्त्यावरचं हे गाव. बाहेरच्यांना ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ठाऊक असतं, आम्हा या भागातल्या लोकांना हळदीमुळे, सोयाबीनमुळे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याच्या पुढचं काही लागलं तर वसमत, हिंगोली, नाहीतर सरळ नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी उभा असलेला पन्नाशीचा माणूस छातीला हात लावून खाली बसला आणि मग आडवा झाला, असं धरा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, फोन लावला की निघतेही. पण मेंदूची ती चार-पाच मिनिटं शिवारात, ज्यांनी त्याला पडताना पाहिलं त्यांच्याच हातात असतात. आणि त्या माणसांनी आयुष्यात छाती दाबताना कुठे पाहिलेलं असतं? टीव्हीवर. तेही न पाहिलेला कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो.

म्हणून इथे सरळ सांगून टाकतो. खांदे हलवून जोरात हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा मासोळीसारखं तोंड उघडून नुसते आचके येतायत, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, तिच्यावर दुसरा हात. जमीन कडक हवी. बाजेवर दाबून उपयोग नाही, बाजच खाली जाते. कोपरं ताठ, तीन बोटं खोल, सेकंदाला साधारण दोनदा, आणि गाडी येईपर्यंत आळीपाळीने. नांदेड किती लांब आहे याचा विचार त्या वेळी करायचा नाही.

टीव्हीकडून चुकीचं फक्त आपणच शिकतो असंही नाही. घशातून श्वासनलिकेत नळी घालताना पेशंटची मान आणि डोकं एका विशिष्ट कोनात ठेवावं लागतं. कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांना दिसलं की शिकाऊ डॉक्टर हा कोन चुकीचा धरतायत, आणि त्यांच्यातले बरेच जण ते टीव्हीवर पाहून शिकले होते. मग त्यांनी 'ईआर' चे भाग तपासले, तर तिथे कोन चुकलेलाच!

पण याच माध्यमाने एकाचा जीवही वाचवला, आणि ती हकिगत मला अजूनही पुन्हा-पुन्हा सांगावीशी वाटते. जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात युर्गेन शेफर नावाचे डॉक्टर 'हाउस' या मालिकेचे भाग दाखवून विद्यार्थ्यांना निदान शिकवायचे. २०१२ साली त्यांच्याकडे ५५ वर्षांचा एक पेशंट आला. हृदय निकामी होत चाललेलं, दिसेनासं आणि ऐकू येईनासं झालेलं, अधूनमधून ताप, आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. त्याच्या खुब्याचा कृत्रिम सांधा मोडला होता आणि तो बदलून धातूचा बसवला होता. शेफरना 'हाउस' मधला एक भाग आठवला, त्यातही कृत्रिम सांधा आणि कोबाल्टची विषबाधा होती. रक्त तपासलं तर कोबाल्ट भरमसाट. आधीच्या सांध्याचे राहून गेलेले कण धातूला घासत होते आणि कोबाल्ट रक्तात उतरत होतं. सांधा पुन्हा बदलला, माणूस सावरायला लागला. २०१४ साली 'लॅन्सेट' मध्ये ही केस छापून आली. लेखकांच्या खोलीत कुणीतरी कथानक रचलं होतं, ते एका समुद्रापलीकडच्या पेशंटच्या कामी आलं.

दवाखान्याच्या मालिकेचा हा प्रकार आपल्याकडे आणला तो मराठी रंगभूमीने घडवलेल्या एका बाईने. १९९१ साली दूरदर्शनवर 'लाइफलाइन', म्हणजेच 'जीवनरेखा', ही हिंदी मालिका आली. दिग्दर्शिका विजया मेहता. एका रुग्णालयातले डॉक्टर, त्यांचं काम आणि त्यांची एकमेकांतली नाती असा तिचा विषय. तन्वी आझमी त्यात डॉक्टर होत्या. अभिनेत्री उषा किरण आणि डॉ. मनोहर खेर यांची ही मुलगी, म्हणजे घरात खरा डॉक्टर पाहत वाढलेली. त्या वेळी घरोघरी एकच वाहिनी. हिंगोली जिल्हा अजून झालेला नव्हता, शिरड शहापूर परभणी जिल्ह्यातच होतं, आणि टीव्ही असलेल्या घरात शेजारची चार घरं येऊन बसायची. दवाखाना आतून पाहायची ही कित्येकांची पहिली वेळ असणार. एरवी आपण दवाखाना पाहतो तो खाटेवर पडून वरचा पंखा मोजताना, नाहीतर व्हरांड्यात डब्याची पिशवी घेऊन. डॉक्टर केबिनमध्ये गेल्यावर एकमेकांशी काय बोलतात, कुणाचं कुणाशी पटत नाही, चुकल्यावर त्यांना झोप लागते का, हे कळायला दुसरा मार्गच नाही.

विजयाबाईंचं नाव घेतल्यावर मला या निवडीचं नवल वाटेनासं होतं. १९६० साली 'रंगायन' उभारणाऱ्या, ब्रेख्तचं नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत उभं करणाऱ्या, एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आणणाऱ्या या बाई. एका छपराखाली अडकलेली माणसं, कुणीच वाईट नाही आणि तरी सगळी एकमेकांना लागतायत, हा त्यांचा हातखंडा. रुग्णालय म्हणजे तसलंच छप्पर. फरक एवढाच की वाड्यात न बोललेल्या शब्दाने मन दुखावतं आणि रुग्णालयात न बोललेल्या शब्दाने पेशंट जाऊ शकतो.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही, ते मोजून पाहिलेलं आहे. आमच्या जिल्ह्याला लागूनच, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. तिथल्या उमरखेड भागातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचा मुलगा सर्जन आणि लेखक अतुल गावंडे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रिया कमी धोक्याच्या कशा करता येतील हे शोधायचं काम हाती घेतलं तेव्हा त्याची धुरा गावंडेंकडे होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पानाची यादी केली. भूल देण्याआधी काय विचारायचं, पहिला छेद घेण्याआधी काय, पेशंट बाहेर नेण्याआधी काय. त्यातला एक मुद्दा असा की छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. एवढंच. मी अमुक, मी भूल देणार. मी तमुक, मी सिस्टर.

आठ देशांतल्या आठ शहरांमध्ये, एक त्यात दिल्ली, हे करून पाहिलं. २००९ साली निकाल छापून आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. यादीत प्रतिजैविक वेळेवर देण्यासारख्याही गोष्टी होत्या, त्यामुळे सगळं श्रेय नावं सांगण्याला देता येणार नाही. पण ज्याने एकदा आपलं नाव सांगितलेलं असतं तो पुढे 'साहेब, एक मिनिट, हा पाय उजवा आहे' असं म्हणायला कमी कचरतो. आमच्याकडे मोठ्या डॉक्टरांपुढे कनिष्ठाने तोंड उघडायचं नाही ही रीत किती मुरलेली आहे हे सरकारी दवाखान्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. म्हणून मला या मालिकांतली भांडणं, रुसवे, लिफ्टमधली बोलणी फालतू वाटत नाहीत. २००२ ची 'संजीवनी' असो की २००७ ची 'दिल मिल गये', त्यात वैद्यक कमी आणि प्रेमप्रकरणं जास्त म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. छाती कशी दाबायची ते या मालिकांना कधी जमलं नाही. पण कोण कुणाशी बोलतो यावर दवाखान्यात बरंच काही ठरतं, हे त्यांना आकडे यायच्या कितीतरी आधी समजलं होतं.

एक उणीव मात्र मला खटकते. पडद्यावर सगळं डॉक्टर करतात. सुई डॉक्टर लावतात, स्ट्रेचर डॉक्टर ढकलतात, रात्रभर उशाशीही डॉक्टरच बसतात. खऱ्या वॉर्डात ही सगळी सिस्टरची, मामा-मावशींची कामं. २०२१ च्या 'मुंबई डायरीज २६/११' ने मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याच्या रात्रीचं सरकारी रुग्णालय दाखवलं, रुग्णालय कल्पित होतं. पण त्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात जे झालं ते कुठल्याही लेखकाला सुचलेलं नाही. अंजली कुलथे नावाच्या परिचारिका ड्युटीवर होत्या. वॉर्डात वीस गरोदर बाया. दोन अतिरेकी फाटकावरून उड्या मारून आत आले, पहारेकऱ्यांना गोळ्या घातल्या. कुलथेंनी वॉर्डाची दारं लावली, सगळ्या बायांना आतल्या छोट्या खोलीत नेलं, दिवे घालवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. डॉक्टर येऊ शकत नव्हते. कुलथेंनी तिला भिंतीच्या कडेकडेने, अंधारात, प्रसूतिगृहापर्यंत नेलं. ती सुखरूप बाळंत झाली. पुढे पकडलेल्या अतिरेक्याला, कसाबला, ओळखायलाही त्या उभ्या राहिल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्यांनी ती रात्र सांगितली.

मला एक मालिका पाहायची आहे. सहा खाटांचं प्राथमिक आरोग्य केंद्र, जसं शिरड शहापुरात आहे, जसं साधारण ३० हजार लोकवस्तीमागे एक असावं असा सरकारी निकष आहे. तिथे सीटी स्कॅन नाही, काचेची लिफ्ट नाही. नुकतीच एमबीबीएस होऊन शासकीय सेवेच्या बंधपत्रावर आलेली एखादी डॉक्टर आहे, घरून दोनशे किलोमीटर लांब. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी सिस्टर आहे, जिने तिच्यापेक्षा शेकड्यांनी जास्त बाळंतपणं केलीत आणि तरी जी तिला 'मॅडम' म्हणते. रात्री दोनला पहिलटकरीण येते, सोबत आशाताई, सासू, आणि बाहेर पिकअपपाशी पाच-सहा पुरुष. कळा आहेत, पण बाळ पुढे सरकत नाही.

या कथेत सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे एक निर्णय: थांबायचं की रेफर करायचं. लवकर पाठवलं तर नांदेडच्या वाटेत गाडीतच बाळंत होण्याची भीती, आणि इकडे 'इथं काहीच करत नाहीत' असं गावभर होणार. उशीर केला तर सीझरची वेळ निघून गेलेली. याच्यासाठी कागदावर एक तक्ता असतो. कळा, बाळाचे ठोके, पिशवीचं तोंड किती उघडलं, हे ठराविक वेळाने त्यावर भरत जायचं. रेषा एका ठराविक तिरक्या खुणेच्या पलीकडे गेली की वाट पाहायची नाही. झिम्बाब्वेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी १९७२ साली ही खूण आखली, तीसुद्धा नेमक्या याच अडचणीसाठी: सुईण आणि छोटा दवाखाना इकडे, शस्त्रक्रियेची सोय मैलोगणती लांब, तर गाडी कधी काढायची?

तक्ता डॉक्टरच्या हातात आहे. सिस्टर तिच्या खांद्यावरून पाहते आहे. तिला वाटतंय की आत्ताच पाठवावं, आणि मॅडमना तसं सांगायचं की नाही हे ती ठरवते आहे. आशाताईने न विचारताच १०८ लावून ठेवला आहे. सासू दारात उभी राहून विचारते, नॉर्मल होईल ना? एक अख्खा भाग या चौघींवर निघेल, आणि त्यात एकदाही कुणाला कुणाची छाती दाबावी लागणार नाही.